गळक्या पातेल्याचा दिवा



आमच्या घरी एक जर्मनचे पातेले होते. जर्मनचे म्हणतात, पण ते असते ॲल्युमिनियमचे. माझी आजी त्यात रोज सगळ्यांचा भात शिजवायची. दिवाळीच्या आधी ते बुडाला गळू लागले. पितळेच्या भांड्याला डाख देतात तसा याला का देत नाहीत, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, ॲल्युमिनियमला हवा लागली की लगेच त्यावर एक पातळ थर धरतो, म्हणून साधा डाख त्याला चिकटत नाही. भोक का पडते तेही त्यांनी सांगितले. आंबट-खारट पदार्थ फार वेळ ठेवले की हा धातू हळूहळू खाल्ला जातो. आमच्याकडे उरलेली आमटी रात्रभर त्यातच राहायची, हे मी गुरुजींना सांगितले नाही.

भंगारवाला आला, पण आजी पातेले देईना. तसे भंगारात दिले तरी ते वाया जात नाही. ६६० अंश सेल्सिअसला ते वितळते आणि त्याचे परत नवे भांडे होते. मातीतून नवा ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे ५ टक्केच यात लागते. पण नवे भांडे झाले तरी ते आजीचे पातेले नसणार. म्हणून मी म्हटले, आपण याला भोके पाडून ओसरीवर टांगायचा दिवा करू. आजी म्हणाली, "एका भोकानं गळलं म्हणून आता शंभर पाडतीस व्हय?"

आधी राख आणि काथ्याने घासून काजळी काढली. मग सुतळी पातेल्याभोवती गुंडाळून मोजली. ती ६६ सेंटिमीटर भरली. तेवढ्याच लांबीची कागदाची पट्टी घेऊन तिच्यावर दर ३ सेंटिमीटरला एक ठिपका दिला, जसे रांगोळीला देतो तसे. एका ओळीत २२ ठिपके झाले. अशा ५ ओळी काढल्या, म्हणजे ११० ठिपके. पट्टी खळीने चिकटवली.

पहिला खिळा बाबांनी रिकाम्या पातेल्यावरच ठोकला. भोक पडले, पण केवढा तरी पोचा आला! ॲल्युमिनियम मऊ असतो. आजी काही बोलली नाही, उठून आत गेली. मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी युक्ती सांगितली. पातेल्यात ओली वाळू दाबून गच्च भरायची, पातेले पोत्यावर आडवे ठेवायचे आणि मग खिळा ठोकायचा. वाळूचा आतून आधार मिळतो. नंतर एकही पोचा आला नाही. पण भोकांच्या कडा आतल्या बाजूला धारदार होतात. वाळू काढताना माझे बोट कापले. बाबांनी त्या कडा कानशीने घासल्या. तुम्ही केलेत तर आधी कानस, मग हात.

पातेले उपडे टांगायचे होते. मला वाटले, गळके भोक आयतेच आहे, त्यातूनच वायर घ्यावी आणि तिलाच टांगावे. पण भोक बरोबर मध्यावर नव्हते, म्हणून पातेले तिरके होणार. शिवाय वायरमनकाका म्हणाले, विजेच्या वायरवर वजन द्यायचे नसते. मग ६६ ला ३ ने भागून २२-२२ सेंटिमीटरवर बुडाजवळ तीन भोके पाडली आणि तारेने पातेले सरळ टांगले. गळके भोक थोडे मोठे करून त्यात रबराचा वॉशर बसवला व त्यातून वायर आत घेतली. वॉशर नसेल तर पत्र्याच्या कडेने वायर सोलते आणि २३० व्होल्टची वीज सगळ्या पातेल्यात येते. म्हणून काकांनी अर्थिंगची हिरवी वायर पातेल्याला स्क्रूने घट्ट जोडली आणि टेस्टर लावून पाहिले. हे काम मुलांनी करायचे नाही. मी लांबून पाहिले.

रात्री ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला. खाली छान उजेड पडला, पण भिंतीवर ठिपके काही दिसेनात! नुसताच पुसट उजेड. मी रडकुंडीला आले. नंतर गुरुजींनी समजावले. प्रकाश सरळ रेषेत जातो. दुधी बल्बचा सगळा गोळा उजळतो, म्हणून एकाच भोकातून निरनिराळ्या बाजूंनी किरण येतात आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. दिवा बारीक पाहिजे. ते खरे की खोटे बघायला आम्ही पातेले खाली काढले, आईच्या मोबाईलची बत्ती लावून तो जमिनीवर ठेवला आणि वर पातेले उपडे घातले. सगळ्या भिंतींवर आणि आढ्यावर ठिपकेच ठिपके! छोटा भाऊ ते धरायला धावला.

मला बारीक बल्ब हवा होता. आजी म्हणाली, ठिपक्यांत तांदूळ निवडता येत नाहीत. म्हणून मोठाच बल्ब राहिला. ठिपके बघायचे असले की पातेले परत खाली काढावे लागते, आणि बाबा म्हणतात, आता फक्त सुट्टीत. काढायच्या आधी ते मेन स्विच बंद करतात.

आजी त्याला अजून दिवा म्हणत नाही. संध्याकाळ झाली की ओसरीवर सूप घेऊन बसते आणि मला हाक मारते, "पातेलं लाव गं."

– इयत्ता ४ थी