ओसरीवर साप, घरात लहान मुले

सांगवीच्या एका आईचा प्रश्न आहे: उसाचा फड घराला लागून, पावसाळ्यात ओसरीवर साप दिसला, तेव्हापासून मुलांना अंगणात सोडवत नाही. काय करावे?

ही भीती अनाठायी नाही. पाचटात उंदीर आणि उंदरांमागे नाग, घोणस, हे नीराकाठच्या बागायतीत नेहमीचेच. पण आईची नजर अंगणावर असते आणि मण्यार येते रात्री, जमिनीवरच्या अंथरुणात. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून रडते, पापण्या जड होतात. घरचे अपचन समजतात आणि मोलाचे तास जातात. म्हणून मुलांना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपवावे.

दंश झालाच तर कापणे, आवळून बांधणे, मांत्रिक, सारे टाळावे. मुलाला चालू न देता १०८ ला फोन करावा. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. मूल लहान म्हणून त्याची मात्रा कमी करत नाहीत, कारण सापाने सोडलेले विष तेवढेच असते. पुणे जिल्ह्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षे असे रुग्ण वाचवले आहेत.

मुलांना एवढेच शिकवावे: साप दिसला की थांब, मागे सर, मोठ्यांना हाक मार. मग वनविभागाला १९२६ वर कळवावे.