विज्ञानलेखनातील ‘कारण’ आणि ‘म्हणून’

लोकाभिमुख विज्ञानलेखनाची चर्चा बहुधा परिभाषेपाशीच थांबते. वस्तुतः शास्त्रीय विवेचनाचा भार नामांपेक्षा ‘कारण’, ‘म्हणून’ या उभयान्वयी अव्ययांवर अधिक असतो. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावसारख्या कापूस पिकविणाऱ्या गावात हा भाषिक प्रश्न थेट शेताशी भिडतो. २००२ मध्ये बी.टी. कपाशीला मान्यता देताना तिच्याभोवती बिगर-बी.टी. कपाशीच्या ओळी लावण्याची अट होती. ‘ओळी लावाव्यात’ या विध्यर्थी वाक्याने समाधान होत नाही. बोंडअळीला मुद्दाम खाद्य कशाला, ही शंका रास्तच ठरते. त्या ओळींवर वाढलेल्या पतंगांचे प्रतिकारक्षम पतंगांशी मीलन होते, म्हणून प्रतिकारक्षमता सावकाश पसरते, हे तिचे उत्तर. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील बी.टी. कपाशीची मोठी हानी केली. कारणाविना सांगितलेली अट वाचकाच्या लेखी हुकूमच राहते. तिचे ज्ञानात रूपांतर होत नाही.