जुने गोवे

आम्ही अकोल्याची मंडळी गोव्यास गेलो. मांडवी नदीकाठी जुने गोवे आहे. तेथे ख्रिस्ती लोकांची मोठमोठी प्रार्थनामंदिरे आहेत. त्यांना चर्च म्हणतात. से कॅथेड्रल हे मोठे चर्च १५६२ साली बांधायला घेतले. त्याचे मनोरे दोन होते. १७७६ साली एक पडला. जवळच्या बॉम जेझूस चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव चांदीच्या पेटीत ठेवले आहे.

आमच्यातील एकाने विचारले, "मास्तर, देवळं एवढाली, अन् गावातली माणसं कोठी गेली?"

येथे पोर्तुगिजांची राजधानी होती. मोठे शहर होते. पण घाण जमिनीत मुरली, विहिरींत उतरली. पटकीच्या साथी आल्या. पुष्कळ माणसे मेली. उरलेली पणजीकडे गेली. चर्च राहिली, शहर उठले.

गाव नुसत्या दगडाने टिकत नाही. चांगल्या पाण्याने टिकते. आपली विहीर स्वच्छ ठेवू या.