तिळाच्या फुलांची पाने होतात तेव्हा

बुलढाणा जिल्ह्यात खरिपाचा तीळ फुलोऱ्यावर आला असता, एखाद्या झाडास पांढऱ्या वा फिकट जांभळ्या फुलांऐवजी बारीक हिरव्या पानांचे गुच्छ आलेले आढळतात. शेजारची झाडे पिकली तरी हे झाड हिरवेगारच राहते. त्यामुळे ते जोमदार आहे असे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः हा पर्णगुच्छ रोग होय. यात पाकळ्या, पुंकेसर व बीजकोश यांना पानांचे रूप येते. रोगट भागावर बोंडे धरत नाहीत व दाणा मिळत नाही. बागेतील सदाफुलीसही असाच विकार जडतो.

असे रोग विषाणूंमुळे होतात, असे पूर्वी मानीत. परंतु १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी अशा रोगट झाडांत पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्म जीव दाखवून दिले. त्यांस आता फायटोप्लाझ्मा म्हणतात. तुडतुडे रोगट झाडाचा रस शोषतात व तो रोग निरोगी झाडांवर नेतात.

रोगट झाड पुन्हा सुधारत नाही. ते राखणे म्हणजे शेजारच्या झाडांस धोका होय. म्हणून ते दिसताच मुळासकट उपटून जाळावे. तुडतुडे दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. कृषी सहायकांनी फुलोऱ्याच्या दिवसांत शेतकऱ्यांसमवेत शेतात फिरून असे झाड प्रत्यक्ष दाखवावे.