सेवा करणाऱ्यांचा सांभाळ

रोग्याच्या उशाशी बसणारे माणूस सर्वांस दिसते. परंतु ते स्वतः थकले असता त्यास आधार कोण देतो, हा विचार आपण क्वचितच करतो. आजच्या पाठाचा हाच विषय आहे.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील एखाद्या गृहिणीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. मासळी विकावयाची, चूल सांभाळावयाची, आणि अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावयाची. ती बिचारी तक्रार करीत नाही. पण तीच तापाने पडली म्हणजे एका घरात दोन रोगी होतात. यास्तव तिला मिळणारी मदत रोग्याच्या औषधाइतकीच आवश्यक आहे, असे आम्ही समजतो. आता ती मदत कोठे मिळते ते पाहू.

१. दवाखाना. महानगरपालिकेचे कूपर रुग्णालय वर्सोव्यास जवळचे होय. रोग्यास तेथे नेले असता परिचारिकेस विचारावे, की कूस कशी बदलावी व पाठीस जखमा कशा होऊ देऊ नयेत. शिकलेल्या हातास श्रम कमी पडतात.

२. असाध्य कर्करोग. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रोग्यांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे.

३. दिव्यांग मूल. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या निरामय योजनेत वर्षास एक लक्ष रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो.

४. दूरध्वनी. वृद्धांविषयी सल्ल्यासाठी १४५६७ हा क्रमांक आहे. मन खचले, झोप उडाली, तर १४४१६ वर बोलावे. ही ‘टेली-मानस’ सेवा २०२२ साली सुरू झाली. त्यास पैसे पडत नाहीत, व मराठीत बोलता येते.

इतके असूनही पुष्कळ जण मदत मागत नाहीत, कारण “लोक काय म्हणतील?” ही भीती. मदत मागितली म्हणजे प्रेम आटले, असे त्यांस वाटते. वाचकहो, ही समजूत खोटी आहे. विहिरीतून नित्य पाणी काढावयाचे, तर झरे मोकळे ठेवावे लागतात.

गावोगावच्या शिक्षकांस आमची विनंती, की आजाऱ्याच्या भेटीस जाल तेव्हा सेवा करणाऱ्याचीही विचारपूस करा, आणि तासभर त्याच्या जागी स्वतः बसा.

प्रश्न : (१) आपल्या आळीत रोग्याची सेवा एकट्यानेच कोण करीत आहे? (२) या आठवड्यात त्याचा कोणता भार आपण उचलू?