वसतिगृहात जाण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी

बारावीनंतर डहाणू-तलासरीची मुले-मुली मुंबई, नाशिकच्या वसतिगृहांत राहायला जातात. तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी आल्यावर मी आधी विचारतो : सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आपल्या आदिवासी भागात हा आनुवंशिक आजार आढळतो. सरकारी रुग्णालयात रक्ततपासणी मोफत होते. वाहक निघालात तर घाबरू नका. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. रुग्ण असाल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नियमित घ्या, भरपूर पाणी प्या, थंडीत अंग उबदार ठेवा. गृहपालांना पहिल्याच दिवशी कल्पना द्या. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा असह्य अंगदुखी झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठा. परक्या शहरातला डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतो; म्हणून गुणपत्रिकेसोबत रक्ताचा रिपोर्टही पिशवीत असू द्या.