ताईला बटण दाबायला सांगू नकोस

परवा तुझा फोन आला तेव्हा ताई पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानं फोन कानाशी धरून ती आतल्या खोलीत गेली, टेबलाखाली वाकली, "कुठलं गं, वरचं का खालचं?" असं तीनदा विचारलं, आणि इकडे तव्यावर पोळी करपली. पोळीचं सोड. पण तू पुण्यात, तुझ्या रेंडरिंगच्या कॉम्प्युटरचा तो मोठा डबा इथे कराडला, आणि दर वेळी तो सुरू करायला माणूस लागणार असेल तर तो माणूस फार दिवस हसतमुख राहणार नाही. गणपतीला येशील तेव्हा दोन तास काढ. डबा पुण्यातूनच सुरू करता यावा म्हणून काय काय करायचं ते सांगून ठेवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. मी कारखान्यात लागलो तेव्हाच्या कॉम्प्युटरला खटका असायचा, खरा, कट्ट आवाज करणारा. तो थेट आतली वीज तोडायचा. गाळपाच्या हंगामात रात्री दोनला वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर बंद पडला की बाहेर उसाच्या गाड्यांची रांग आणि मी एम-एटीवर, मफलर गुंडाळून, फक्त तो खटका दाबायला. लांबून काही करायची सोयच नव्हती, कारण बंद डब्यात जीवच नसायचा. 1995 च्या सुमारास एटीएक्स धाटणीचे पॉवर सप्लाय आले आणि हे बदललं. आता तू शटडाउन केलंस तरी सप्लायमधून पाच व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डकडे चालूच असते. आत जांभळी वायर दिसते ना, तीच ती. त्या धारेवर नेटवर्क कार्ड एक कान उघडा ठेवून पडून असतं. लांबून उठवण्याचा सगळा खेळ त्या जांभळ्या वायरीवर आहे.

म्हणून पहिलं काम भिंतीवरच्या बटणाचं. आपल्याकडे प्रत्येक प्लगला बटण असतं आणि झोपताना, गावाला जाताना, वीज कडाडली की ते बंद करायची चांगली सवय असते. ते बटण बंद झालं की जांभळी वायर मेली, मग तू पुण्यातून कितीही डोकं आपट. मी एकदा कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो आणि तिथून घरच्या कॉम्प्युटरवरची एक फाइल हवी होती. तासभर मोबाईलवर खटपट केली, राउटरला शिव्या घातल्या. घरी येऊन बघतो तर कामाच्या मावशींनी मिक्सरसाठी एक्स्टेंशन काढून नेलेलं. तेव्हापासून माझ्या स्विचबोर्डावर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलंय: 'हे बंद करू नये.' तूही लाव. लाल पेनानं.

आता हाक कशी मारतात ते. याला वेक-ऑन-लॅन म्हणतात, आणि हाकेला मॅजिक पॅकेट. नाव जादूचं, आत जादू काही नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला बारा अक्षर-अंकांचा स्वतःचा पत्ता असतो, मॅक ॲड्रेस. मॅजिक पॅकेट म्हणजे आधी सहा वेळा 'एफएफ', म्हणजे खाकरणं समज, आणि मग तो पत्ता लागोपाठ सोळा वेळा. एकूण 102 बाइट. चाळीच्या चौकात उभं राहून एकाच माणसाच्या नावानं सोळा हाका मारल्यासारखं. ऐकतात सगळे, उठतो एकच. या हाकेला उत्तर मात्र नसतं. 'पाठवलं' असं ॲपनं सांगितलं म्हणजे पोचलं असं नव्हे, एवढं लक्षात ठेव. नाहीतर उगीच ॲपवर ॲप बदलत बसशील.

पत्ता काढायला कमांडच्या काळ्या खिडकीत 'गेटमॅक' लिही. पण तिथे दोन-तीन पत्ते दिसतील. लॅनच्या वायरीचा वेगळा, वाय-फायचा वेगळा. तुला वायरीचा हवा. दहातले निम्मे लोक इथेच चुकतात आणि वाय-फायच्या नावानं हाका मारत बसतात. वाय-फायवरून उठवता येतं म्हणतात, काही मशीनवर येतंही, पण माझा त्यावर भरवसा नाही. राउटरपासून डब्यापर्यंत वायर ओढ, भिंतीच्या कडेनं क्लिपा मारून. ताईला झाडू मारताना अडकली नाही पाहिजे.

मग बायोसमध्ये शिर. चालू होताना डिलीट किंवा एफ-टू. तिथे तीन जागा बघायच्या. 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई' किंवा 'वेक ऑन लॅन' असं काहीतरी असेल, ते चालू. 'ईआरपी' नावाचं असेल ते बंद. युरोपच्या वीजबचतीच्या नियमासाठी केलेली ती सोय आहे, आणि ती नेमकी नेटवर्क कार्डाची धार कापते. तिसरं, वीज जाऊन परत आली की काय करायचं ते. त्याचं पुढे सांगतो.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'या उपकरणाला कॉम्प्युटर उठवू दे' अशा अर्थाच्या खुणेवर टिक कर, आणि तिच्या खालच्या 'फक्त मॅजिक पॅकेटनंच' या खुणेवरही. ही खालची टिक विसरू नकोस. मी विसरलो होतो. मग राउटर नाहीतर कुठला तरी फोन सहज चौकशी करायचा आणि आमचा डबा रात्री दीडला खडखडत उठायचा, पंखा घुमायचा, अंधारात निळा दिवा. तुझी मामी दोन रात्री भीमरूपी म्हणत बसली होती. कोणी उठवलं ते बघायला 'पॉवरसीएफजी' लिहून जागा सोडून तिरकी रेघ आणि 'लास्टवेक' लिहायचं. शेवटचा उठवणारा कोण ते तो सांगतो. आमच्या घरचं भूत त्या कमांडनं पकडलं.

आता सगळ्यात मोठी मेख. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं, आणि तेव्हापासून तुझं शटडाउन हे सोंग आहे. आतली अर्धी आवराआवर डिस्कवर लिहून ठेवून तो बंद झाल्याचं दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता यावं. या अवस्थेतून विंडोज हाकेला ओ देत नाही. कुठे कुठे देतो, पण त्यावर विसंबू नये. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवरचं बटण काय करतं त्याचं पान. तिथली फास्ट स्टार्टअपची टिक आधी फिकट दिसेल, हलणार नाही. वरती निळ्या अक्षरांत 'सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला' अशा अर्थाची ओळ असते, तिच्यावर टिचकी मार, मग हलेल. काढून टाक. तुझ्या मशीनला एसएसडी आहे, चार-पाच सेकंद जास्त गेले तर जाऊ देत. त्याहून सोपं म्हणजे शटडाउन न करता स्लीपमध्ये ठेवायचं. स्लीपमधून उठण्याची खात्री सगळ्यात जास्त. पण आपल्याकडे लाईट जाते, आणि लाईट गेली की स्लीपमधलं उघडं काम गेलं. कामं जतन करून मगच झोपव.

हे झालं की शटडाउन कर आणि डब्याच्या मागे जा. लॅनची वायर घुसते तिथला छोटा दिवा बंद डब्यातही लुकलुकत असला पाहिजे. लुकलुकतोय म्हणजे कान उघडा आहे. अंधार असेल तर पुढे काहीही करू नकोस, परत बायोसमध्ये जा. माझी अर्धी दुरुस्ती त्या एका दिव्याकडे बघून होते.

घरातल्या घरात मोबाईलवरून उठला की पोरं खूश होऊन निघून जातात आणि पुण्याला पोचल्यावर रडतात. चौकातली हाक चाळीच्या फाटकाबाहेरून ऐकू येत नाही. राउटर अशा सार्वजनिक हाका बाहेरून आत घेत नाही. जुने लोक पोर्ट फॉरवर्डिंग करायला सांगतील. करून बघ हवं तर. डबा बंद करून पाच मिनिटांत उठेल आणि दुसऱ्या दिवशी उठणार नाही, कारण बंद पडलेल्या मशीनचा ठावठिकाणा राउटर थोड्या वेळानं विसरतो. आणि हल्ली तर फायबरवाले बहुतेक घरांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतच नाहीत, शेकडो घरं मिळून एक. तुझ्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 मधला दिसला तर समजून जा, बाहेरून दार ठोठावायची सोयच नाही.

यावर एकच धड उपाय आहे. घरात एक कोणीतरी कायम जागं ठेवायचं. मोठा डबा झोपू दे, पण एक पोऱ्या जागा हवा, ज्याला तू बाहेरून निरोप देशील आणि तो चौकात जाऊन हाक मारेल. हा पोऱ्या म्हणजे रास्पबेरी पाय, दोन-चार वॅट खाणारा, पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड. त्यावर आणि तुझ्या मोबाईलवर टेलस्केल टाक, दोघं एका खासगी जाळ्यात येतात, सार्वजनिक पत्ता नसला तरी. मग मोबाईलवरून पायमध्ये शिरायचं आणि तिथून 'वेकऑनलॅन' कमांड द्यायची. टेलस्केलमधून थेट मोठ्या डब्याला हाक मारायचा प्रयत्न करू नकोस, त्या जाळ्यातून चौकातल्या हाका जात नाहीत. पोऱ्यालाच मारू दे. काही राउटरच्या स्वतःच्या पानावरही उठवण्याचं बटण असतं, तुझ्याकडे तसा असेल तर नशीब. जुना अँड्रॉइड फोन वापरायचा मोह होईल. मी वापरला. आठ महिन्यांत बॅटरी फुगून पाठीचं झाकण उघडलं. सतत चार्जरवर असलेला फोन ताईच्या खोलीत नको.

"मामा, मग डबा चालूच ठेवते ना, कटकट नको." ठेव की. पन्नास वॅट नुसतं बसून खाल्ले तरी महिन्याला छत्तीस युनिट. ताईचं बिल शंभर युनिटांच्या आत असतं, महावितरणचा पहिला टप्पा. तू तिला दुसऱ्या टप्प्यात ढकलशील आणि बिल आलं की फोन मला येईल.

आता ते राहिलेलं बायोसचं. वीज परत आली की काय, याला बहुधा तीन पर्याय असतात: बंदच राहा, आधी होतास तसा हो, चालू हो. लोक मधला निवडतात, शहाणपणाचा वाटतो म्हणून. पण नीट बंद केलेला डबा 'आधी बंद होतो' म्हणून बंदच राहतो. शिवाय पुष्कळ मदरबोर्ड वीज पूर्ण गेल्यावर हाक ऐकायचंच विसरतात, एकदा सुरू होऊन बंद झाल्याशिवाय कान उघडत नाहीत. म्हणून तिसरा निवड. लाईट आली की तो उठेल; तुला नको असेल तर लांबून बंद कर. वाऱ्यापावसाच्या दिवसांत लाईट पाच मिनिटांत चारदा जाते-येते, त्यासाठी मध्ये युपीएस हवाच. राउटर आणि पायलाही त्याच युपीएसवर घे, दोन वायरी जास्त, पण पोऱ्या जागा राहतो.

बायोसमधला 'चालू हो' हा पर्याय निवडला की स्मार्ट प्लगचाही मार्ग खुला होतो: मोबाईलवरून प्लग बंद, दहा सेकंद थांब, चालू, डबा उठला. मी याला आडवाटेचा रस्ता म्हणतो. दुसरं काहीच चाललं नाही तरच. आणि त्या प्लगनं चालू मशीन कधी बंद करायचं नाही, डिस्कचा बळी जाईल. ठरलेल्या वेळी हवा असेल तर बायोसमधल्या घड्याळावर रोज सकाळी साडेनऊला उठायला लावता येतं, इंटरनेटची गरजच नाही. फक्त आतली नाण्यासारखी बॅटरी, सीआर-2032, जुनी झाली की घड्याळ भरकटतं आणि डबा पहाटे उठायला लागतो.

उठल्यावर तो लॉगिनच्या पडद्यापाशी थांबेल. म्हणून लांबून पडदा बघायचं जे काही टाकशील ते लॉगिनच्या आधी सुरू होणारं हवं. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप चांगलं, पण ते होम आवृत्तीत आत येऊ देत नाही, प्रो लागते. आणि त्याचं 3389 नंबरचं दार राउटरमधून उघडं टाकलंस तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. असं उघडं दार शोधत फिरणारे दिवसरात्र फिरत असतात, आणि फायलींना कुलूप घालून खंडणी मागतात. टेलस्केलच्या आतूनच जा.

निघायच्या आदल्या दिवशी मोबाईलचं वाय-फाय बंद कर, मोबाईल डेटावर जा, आणि प्रीतिसंगमावर भेळ खाताना डबा उठवून बघ. तिथून उठला तर पुण्यातून उठेल. मग लांबूनच बंद कर, आणि दहा मिनिटांनी परत उठव; पहिल्यांदा उठणं आणि दुसऱ्यांदा उठणं यांत फरक असतो. जमलं की मॅक ॲड्रेस, पायचा पासवर्ड नव्हे, नुसता पत्ता, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटव. गॅसचा ग्राहक क्रमांक लिहिलाय ना, त्याच्या खाली जागा आहे.